लक्झेंबर्गकरांनो, तेवढी भाषा बदलू नका

प्रति,
लक्झेंबर्गचे समस्त नागरिक,
खिडकीमागचे, काउंटरमागचे आणि जिन्यात भेटणारे

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र मराठीत आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. तुमच्या भाषेत मी वाणसामान आणते, कुठे दुखतंय ते डॉक्टरला सांगते, शेजाऱ्यांशी पावसाबद्दल बोलते. पण कौतुक आणि तक्रार एकाच दमात करायची म्हटली की मला माझीच भाषा लागते. माझी तेरा वर्षांची लेक याचं भाषांतर करून देणार आहे. ती तुमच्याच शाळेत शिकतेय. माझे राहिलेले 'न' ती भरेल आणि जास्तीचे खोडेल. हे 'न'चं काय प्रकरण आहे ते पुढे येईलच. तोवर हे पत्र आमची मराठी माणसं वाचतील, आणि त्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या मंगळवारची गोष्ट. एका सरकारी खिडकीवर रहिवासाचा दाखला आणायला गेले होते. बसमध्ये वाक्य तीनदा घोकलं. नंबर आला. 'मोयेन', म्हणजे नमस्कार, म्हटलं, अर्धं वाक्य झोकात म्हटलं, आणि दाखल्याचा शब्द ऐन वेळी जिभेवरून सटकला. एक सेकंद, फार तर दोन. पलीकडच्या बाई छान हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, आपण इंग्रजीतच बोलूया, काही अडचण नाही. चार मिनिटांत दाखला हातात. सरकारी काम इतक्या चटकन आणि इतक्या गोड बोलून झाल्यावर माणसाने पेढे वाटायला हवेत. मी मात्र बाहेर येऊन बसथांब्यावर चरफडत उभी राहिले.

तक्रार ही एवढीच. पण ती नीट कळायची तर आधी मला तुमचं देणं मान्य करायला हवं.

मी डोंबिवलीची. अकरा वर्षांपूर्वी नवरा, दोन वर्षांची मुलगी आणि एक प्रेशर कुकर घेऊन एश-सुर-अल्झेटला आले. तुमचा देश २,५८६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याहूनही लहान. माणसं सात लाखांच्या आत. आमच्या कल्याण-डोंबिवलीत २०११ च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या आसपास होती, आणि त्यांतली निम्मी सकाळी माझ्याच डब्यात चढायची असं मला आठ वर्षं वाटत होतं. सेकंड क्लासचा पास, चौथी सीट, कुर्ल्याला कोण उतरणार याची चौकशी दिव्यालाच करून ठेवायची. त्या बाईला १ मार्च २०२० ला तुम्ही सांगितलंत की आजपासून देशातली प्रत्येक बस, ट्राम आणि रेल्वे फुकट. नागरिकांना, परदेशी रहिवाशांना, चार दिवसांच्या पाहुण्यांनासुद्धा. पुढे कित्येक दिवस स्टेशनात शिरताना माझा हात आपसूक पर्सकडे जायचा आणि टीसी दिसला की छातीत धस्स व्हायचं. फर्स्ट क्लासला मात्र अजून तिकीट आहे. ज्याला वेगळं बसायचंय त्याने पैसे मोजावेत, हा न्याय मला फारच पटला.

घरभाड्याबद्दल बोलत नाही, पत्राचा सूर बिघडेल. त्यापायी माझ्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी सीमेपलीकडे फ्रान्समध्ये राहायला गेल्या. त्यांच्यासारखे आणि मुळातच तिकडचे असलेले दोन लाखांहून जास्त लोक रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून तुमच्याकडे कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. ही गर्दी मला ओळखीची वाटते. फक्त इथे लटकत कोणी येत नाही.

एशची माती लाल आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. माझं आजोळ रत्नागिरीचं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पावसात लाल होणारे पाय. इथे पहिल्याच पावसाळी रविवारी जुन्या खाणींकडे फिरायला गेलो आणि मुलीचे बूट लालभडक करून आणले. दोन्हीकडे कारण एकच, लोखंड. याच लोखंडासाठी इथे आधी इटालियन आले, पुढे १९६०-७० च्या दशकांत पोर्तुगीज. एशमधल्या बेल्वालची शेवटची झोतभट्टी १९९७ मध्ये विझली. तिथल्या दोन भट्ट्या तुम्ही भंगारात न घालता तशाच उभ्या ठेवल्यात आणि त्यांच्या पायथ्याशी विद्यापीठ उभं केलंत. आमच्या गिरणगावच्या चिमण्या आठवल्या की मला तिथे थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक पोर्तुगीज काकू राहतात. एकदा मी किल्ली घरात विसरून दार ओढून घेतलं, तेव्हा त्यांनी दोन तास मला आपल्या स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. आमची समाईक भाषा फ्रेंच, तीही दोघींची मोडकी. त्यांनी हातानेच किल्ली फिरवून दाखवली आणि म्हणाल्या, 'शाव्ह?' मी म्हटलं, 'चावी!' मग सुरूच झालं. बटाटा म्हणजे बटाटा. कोबी म्हणजे 'कोव्ह'. अननस, काजू, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे घमेलं, ते त्यांच्याकडे 'गामेला'. सुपरमार्केटच्या कागदी पिशवीवर आम्ही यादी करत गेलो. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्या गलबतांमधून आमच्या किनाऱ्यावर उतरलेले शब्द मी एशच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना परत दाखवत होते. ती पिशवी त्यांच्या फ्रिजवर अजून आहे.

तुमची मूळ जादू ही आहे. देशात जवळपास निम्मे लोक परदेशी, आणि तरी राजधानीत एका जुन्या घरावर कोरलेलं ब्रीद काय, तर 'मिर व्हेले ब्लाइवे वात मिर सिन': आम्ही जे आहोत तेच आम्हाला राहायचंय. पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मला तो टोमणा वाटला. आता वाटतं, निम्मं घर पाहुण्यांना देऊन बसलेल्या यजमानाने एक खोली तरी स्वतःची म्हणून ठेवली तर त्यात वावगं काय? ती खोली म्हणजे तुमची भाषा.

आमच्या मराठी वाचकांना ही भानगड थोडक्यात सांगते. या देशात कायदे फ्रेंचमध्ये लिहितात. मुलं वाचायला-लिहायला शिकतात ती प्रामुख्याने जर्मनमध्ये. पण संसदेत भांडतात, अंगणात खेळतात आणि घरात रुसतात ते लेत्सेबुएर्गेशमध्ये, म्हणजे मी जिला सोयीसाठी लक्झेंबर्गी म्हणते तीत. १९८४ च्या कायद्याने ती राष्ट्रभाषा झाली. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित राज्यघटनेतही आता स्पष्ट लिहिलंय की लक्झेंबर्गची भाषा लक्झेंबर्गी.

मुलगी पाढे जर्मनमध्ये पाठ करू लागली तेव्हा तिच्या वर्गातल्या फ्रेंच घरांतल्या आया हवालदिल झाल्या होत्या. सत्तावीस म्हणताना आधी सात आणि मग वीस, हा काय उलटा कारभार! लक्झेंबर्गीतही तेच, सिवेनान्त्स्वान्त्सेग. शाळेबाहेर एकीने मला विचारलं, तुला हे कसं जमतं? म्हटलं, बाई, आमच्याकडेही सत्ता-वीसच. आधी सात, मग वीस. मी जरा शेफारलेच. मग तिने एकोणतीस कसं म्हणता ते विचारलं, आणि 'एक उणे तीस' समजावता समजावता माझी दांडी उडाली.

दर वर्षी २ फेब्रुवारीला लिश्तमेसदागला तुमची पोरं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणं म्हणत फिरतात. गाण्यात ती मागतात डुकराची चरबी आणि वाटाणे, प्रत्यक्षात घेऊन जातात चॉकलेटं आणि नाणी. आमची लेक पहिल्यांदा अशी गेली तेव्हा मला भोंडल्याची आठवण झाली. गाणी म्हणायची ती डोळा खिरापतीवर ठेवूनच. दुसऱ्या वर्षीपासून आमच्या दारात पोरांना बेसनाचा लाडू मिळतो. सुरुवातीला हुंगून बघायची. आता विचारतात, आज लाडू आहे ना?

आणि आता आमच्या इमारतीतले आजोबा. तळमजल्यावर राहतात, वय एकोणनव्वद, उभा जन्म पोलाद कारखान्यात गेला. भट्ट्यांनी त्यांचे कान नेले. इंग्रजी त्यांना येत नाही आणि माझं फ्रेंच त्यांना ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्यात लक्झेंबर्गीखेरीज इलाजच नव्हता. जुलैत ते बागेतल्या शेंगांची बादली घेऊन मागच्या पायरीवर बसतात. त्यांच्या बायकोच्या हातच्या बोउनेश्लुपची, म्हणजे शेंगा-बटाट्याच्या सूपची तयारी. मीही सुरी घेऊन शेजारी बसायची. दोन्ही टोकं खुडायची, शीर ओढायची. आमच्या घरी घेवडा असाच निवडतात, तेव्हा हातांना शिकवावं लागलं नाही. शिकवायची होती ती जीभ.

एकदा त्यांनी विचारलं, चहा की कॉफी? मी कॉफीचं नाव 'न' लावून घेतलं. सुरी थांबली. 'देन तेइ,' म्हणाले, 'पण दे काफी.' चहाला 'न' लागतो, कॉफीला गळतो. पुढचा शब्द स्वराने किंवा न, द, त, त्स, ह यांपैकी कशाने सुरू होत असेल तर 'न' राहतो, नाहीतर पडतो. हा नियम त्यांनी असा सांगितला नाही. त्यांना तो नियम म्हणून माहीतच नव्हता. ते फक्त एक शेंग वर धरून म्हणायचे, 'नाख एंग केइयर.' पुन्हा एकदा. मी पुन्हा म्हणायची. चुकलं तर पुन्हा शेंग वर. बरोबर आलं की शेंग भांड्यात. त्या उन्हाळ्यात मी किती शेंगांचा खोळंबा केला याचा हिशेब नाही.

त्यांनीच मला ऑक्टोबर १९४१ ची गोष्ट सांगितली. तेव्हा ते स्वतः पाच वर्षांचे, म्हणजे गोष्ट वडिलांकडून आलेली. देश नाझींच्या ताब्यात. शिरगणतीचे फॉर्म आले, त्यांत तीन प्रश्न: राष्ट्रीयत्व कोणतं, मातृभाषा कोणती, वंश कोणता. लक्झेंबर्गी ही बोली आहे, ती भाषा म्हणून चालणार नाही, असंही बजावलेलं. लोकांनी आपसांत निरोप फिरवला, 'द्राइमोल लेत्सेबुएर्गेश', तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गी. आधी तपासलेल्या फॉर्मांतून काय वाढून ठेवलंय ते कळलं, आणि नाझींना ती गणतीच गुंडाळावी लागली. हे सांगताना आजोबांनी तीन बोटं वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

लक्झेंबर्गकरांनो, बंदुकीसमोर ज्यांनी तो शब्द तीनदा लिहिला, त्यांची नातवंडं माझ्या दोन सेकंदांच्या अडखळण्यापुढे शरण येतात?

रागावू नका. हे मी कोणत्या तोंडाने बोलतेय ते मला ठाऊक आहे. डोंबिवलीत मानपाडा रोडवर आमचा एक भाजीवाला होता, जौनपूरचा. पाच-सहा वर्षांत तो चांगलं मराठी बोलायला लागला होता. 'ताई, पिशवी आणलीय का?' असं विचारायचा. आणि मी, पदवीपर्यंत मराठी घेतलेली बाई, उत्तर द्यायची, 'नहीं भैया, आप दे दो.' माझं हिंदी त्याच्या मराठीपेक्षा वाईट होतं. तरी मला वाटायचं, मी त्याची सोय बघतेय. तो दोन-तीन वेळा मराठीत परत यायचा प्रयत्न करायचा, मग सोडून द्यायचा. घरी येऊन आम्ही जेवताना म्हणणार, ही माणसं इतकी वर्षं राहतात पण मराठी काही शिकत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या रात्री माझ्या चुलतभावाने सोसायटीत पेढे वाटले. व्हिडिओ पाठवला होता. वॉचमनच्या हातावर पेढा ठेवताना म्हणतो, 'लो भैया, मुँह मीठा करो.'

तेव्हा तुमची ही खोड मी चांगली ओळखून आहे. आमचीच आहे ती. तीत उद्धटपणा नसतो, चांगुलपणाच असतो. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, रांग खोळंबू नये, आपण संकुचित दिसू नये. शिवाय तुम्हाला चार-चार भाषा येतात, त्यामुळे गिअर टाकायला क्षणही लागत नाही. पण खिडकीच्या अलीकडे उभं राहिल्यावर कळतं की त्या चांगुलपणाचा अर्थ काय पोचतो. 'तुमचं काम होईल, पण तुम्ही बाहेरच्याच' हा.

आणि बाहेरच्यांनी आत यावं म्हणून तुम्ही काय कमी केलंय? नोकरी करणाऱ्याला लक्झेंबर्गी शिकायला २०० तासांपर्यंत पगारी रजा मिळते, मालकाचा निम्मा भार सरकार उचलतं. रजा फक्त याच भाषेसाठी, दुसऱ्या कुठल्याही नाही. मी ती घेतली. क्लासमध्ये माझ्या बाकावर एक सीरियन दंतवैद्य आणि पलीकडे एक ब्राझिलियन सुतार बसायचा. नागरिकत्वाची भाषापरीक्षाही दिली. बोलण्याची पातळी ए-२, म्हणजे कामापुरती, ऐकण्याची बी-१, म्हणजे त्याहून एक पायरी वरची. चित्र आलं बाजाराचं. मी तोंडभर भाज्या सांगितल्या आणि पास झाले.

नागरिकत्वाचा अर्ज मात्र अजून खणात आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तुमचा पासपोर्ट घ्यायचा तर आमचा परत करावा लागेल. तो विषय निघाला की घरात नवरा चहा टाकायला उठतो.

आता एक जुना सल. मी आले त्याच्या पुढच्याच वर्षी, ७ जून २०१५ ला, तुम्ही सार्वमत घेतलंत. दहा वर्षं इथे राहिलेल्या आणि आधी इथल्या स्थानिक किंवा युरोपीय निवडणुकीत मत दिलेल्या परदेशी माणसाला संसदेच्या निवडणुकीत मतदान करू द्यावं का? सुमारे ७८ टक्के लोकांनी नाही म्हटलं. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. कर चालतो, मत चालत नाही, असं मी आईला फोनवर म्हणाले होते. पण २०१७ च्या कायद्याने तुम्ही नागरिकत्वासाठी राहण्याची अट पाच वर्षांवर आणलीत आणि भाषेची अट ठेवलीत. म्हणजे तुमचं म्हणणं सरळ आहे. मत हवं तर आमच्यातले व्हा, आणि आमच्यातलं व्हायचं तर आधी आमच्याशी बोला. मान्य. बोलते. पण मग ऐका तरी!

माझं मागणं फार मोठं नाही. बेकरीतल्या मुलीकडून माझी काही अपेक्षा नाही. ती रोज फ्रान्समधल्या मेट्झहून येते, तिच्याशी मी फ्रेंचच बोलते. आगीचा बंब बोलवायचा असेल तेव्हाही खुशाल कुठल्याही भाषेत बोला. पण एरवी मी 'मोयेन' म्हटलं आणि पुढे गडबडले, तर दोन सेकंदांच्या जागी पाच द्या. शब्द सुचवा. हसलात तरी चालेल, 'एत रेन्त', म्हणजे 'पाऊस पडतोय', याच्या जागी मी काय काय म्हटलंय त्यावर मीही हसते. आणि तरीही जमलं नाही, तर आजोबांसारखी एक शेंग वर धरा.

सोमवारी नवऱ्याचा दाखला आणायला मी त्याच खिडकीवर येणार आहे. शब्द आता पाठ केलाय. तरी अडखळेन, कारण मागे रांग असली की मी अडखळतेच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एशमधली एक डोंबिवलीकर

ता. क. भाषांतर सुरू झालं आहे. दुसऱ्याच परिच्छेदात लेक अडली. 'चरफडणं'ला काय म्हणायचं ते तिला सुचत नाही, शब्दकोशातलं तिला पटत नाही. आम्ही दोघी खाली आजोबांना विचारायला चाललोय.